123 मिलिमीटर, 123 ग्रॅम : वऱ्हाडची मालगाडी टेबलावर

इंजिनाचे फोटो निघतात, एक्स्प्रेसला नावं मिळतात, मालडब्याला मात्र कोणी हातसुद्धा हलवत नाही. मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेली मंडळी हा अन्याय भरून काढतात. व्हाइट मेटल नावाच्या पांढऱ्या धातूचे बोटाच्या पेराएवढे सुटे भाग घ्यायचे, कानशीने घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मुठीत मावेल असा मालडबा उभा करायचा. हा छंद फुलला विलायतेत. पण त्याच्यासाठी मुलूख निवडायचा झाला तर अमरावती-अकोल्यासारखा दुसरा नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही रूळ इथे नांदून गेले, आणि डबे भरायला कापूस होताच. तर राजेहो, हाताशी कॅल्क्युलेटर ठेवा.

शकुंतला 9 मिलिमीटरवर धावते

मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, 1:87. खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी प्रतिकृती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर धावलेल्या शकुंतला या नॅरोगेज गाडीचा रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर रुंद. भागिले 87, उत्तर 8.76. बाजारात एन गेजचा तयार रूळ मिळतो, तो 9 मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचासुद्धा नाही. आपली शकुंतला आयत्या रुळावर जवळपास तंतोतंत बसते.

मोठ्या गाडीचं मात्र अडतं

भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 87 ने भागला की 19.26 येतात. पण एचओचा तयार रूळ 16.5 मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरवरून बेतलेला. म्हणजे बडनेऱ्याहून सुटलेली मालगाडी टेबलावर येताच पायाखालचा 24 सेंटिमीटर रूळ गमावून बसते. बरेच जण हे पोटात घालतात. हट्टी मंडळी रूळ हाताने ठोकतात. अकोल्याच्या जुन्या मीटरगेजचं गणित मधलं : 1000 भागिले 87 म्हणजे 11.5, आणि 12 मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. वऱ्हाडातली गाडी जितकी लहान, तितकी तिची प्रतिकृती खरी.

यवतमाळपर्यंत चालत जा

मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर. 1:87 मध्ये हा मार्ग अख्खाच्या अख्खा मांडायचा तर 1 किलोमीटर 300 मीटर रूळ लागेल. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, म्हणजे 874 मीटर. दोन्ही मिळून सव्वादोन किलोमीटरला थोडं कमी. एवढा हॉल कोणाकडेच नसतो, म्हणून मॉडेलवाले एक स्टेशन निवडतात आणि बाकीचा प्रवास पडद्यामागे उरकतात.

कोणतं स्टेशन? अर्थात मूर्तिजापूर

नॅरोगेजच्या डब्यातल्या कापसाच्या गाठी मुंबईला जायच्या तर मूर्तिजापूरला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवाव्या लागत. रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे डबा पुढे जाऊ शकत नाही, मालच जातो. एका बाजूला बुटका डबा, दुसऱ्या बाजूला धिप्पाड, मध्ये माथाडी. दोन फूट लांबीच्या फळीवर एवढं नाट्य देणारी स्टेशनं थोडीच. अकोल्यातही ब्रॉडगेज आणि मीटरगेज शेजारी-शेजारी होते. आता अकोला-पूर्णा ब्रॉडगेज झाला आणि शकुंतला थांबली. जुना थाट पाहायचा तर तो टेबलावरच मांडावा लागतो.

123 चा योगायोग

कोळसा वाहणारा बॉक्सएन डबा तुम्ही रोज पाहता. कपलरपासून कपलरपर्यंत त्याची लांबी 10,713 मिलिमीटर. भागिले 87 : 123 मिलिमीटर. आता वजन. लांबी 87 पट घटते, पण रुंदी आणि उंचीही तेवढीच घटते, म्हणून वजनाला 87 ने तीनदा भागायचं, म्हणजे 6,58,503 ने. भरलेला बॉक्सएन 81.28 टनांचा. उत्तर 123 ग्रॅम. लांबी आणि वजनाचा आकडा एकच! रिकामा डबा 22.47 टनांचा, तो उतरतो 34 ग्रॅमवर. आणि 170 किलोची कापसाची गाठ? पाव ग्रॅम.

जड डबा चांगला की वाईट?

दोन्ही. प्लॅस्टिकचा डबा इतका हलका असतो की वळणावर रूळ सोडतो. त्याच्या पोटात शिशाचे तुकडे चिकटवावे लागतात. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची एचओसाठी शिफारस आहे : आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. या हिशेबाने बॉक्सएन साधारण 97 ग्रॅमचा हवा. व्हाइट मेटलचा डबा अंगचाच जड, त्याला भर घालावी लागत नाही. पण असे दहा-बारा डबे जोडून चढावर घातले की छोटं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं.

कल्हईवाल्याचा चुलतभाऊ

व्हाइट मेटल हा एक धातू नव्हे, मिश्रण आहे : कथील, शिसं, अँटिमनी, कधी बिस्मथ. कथील 232 अंशांना वितळतं, लोखंडाला 1500 च्या पुढे जावं लागतं. म्हणूनच छोट्या कारखान्यातही या धातूचं ओतकाम जमतं. कल्हईवाला तापल्या पातेल्यात फिरवायचा ते हेच कथील. आधी नवसागर टाकायचा, कारण त्याने भांड्यावरचा थर निघतो आणि कथील धरतं. मॉडेलवाला हेच काम फॉस्फोरिक आम्लाच्या पातळ द्रावणाने करतो. नंतर डबा पाण्याने नीट धुवायचा, नाहीतर उरलेलं आम्ल रंगाखालून डोकं वर काढतं.

रबराच्या साच्यात धातू

हे सुटे भाग ओततात ते रबराच्या साच्यात! दोन गोल रबरी चकत्या, त्यांच्यामध्ये भागांचे ठसे. साचा गरगर फिरवायचा आणि मधल्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. फिरण्याच्या जोराने धातू कडेपर्यंत पळतो आणि रिव्हेटच्या टिंबातसुद्धा शिरतो. रबर लवचीक, म्हणून आत अडकलेला अवघड आकारही न तुटता निघतो. साच्याच्या सांध्यातून थोडा धातू बाहेर येतो, त्याची पातळ कड भागाला चिकटून राहते. जोडणीचा पहिला तास ही कड घासण्यात जातो. मऊ धातू कानशीच्या दातांत अडकतो, म्हणून कानशीवर आधी खडू घासून घेतात.

खऱ्या डब्याच्या पोटातही हाच धातू

1839 मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिटने असंच एक मिश्रण बेअरिंगसाठी वापरात आणलं. जुन्या मालडब्यांच्या आसाचं टोक पितळी बेअरिंगमध्ये फिरायचं आणि त्या पितळेला आतून व्हाइट मेटलचं अस्तर असायचं. मऊ धातू स्वतः झिजतो, आस वाचवतो. तेल संपलं की घर्षणाने आस तापायचा, अस्तर वितळायचं, धूर निघायचा. रेल्वेच्या भाषेत हॉट अ‍ॅक्सल. मग डबा वाटेतल्या स्टेशनात तोडून ठेवायचा. मॉडेलचा डबा अख्खा ज्या जातीच्या धातूचा, ती जात खऱ्या डब्यात बोटभर अस्तरापुरती होती. रोलर बेअरिंग आले आणि ते अस्तरही गेलं.

उकळत्या पाण्यात सुटणारी चूक

भाग आणि सोल्डर दोन्ही लवकर वितळणारे असतील तर भागच वितळून गोळा होईल. यावर तोड म्हणजे 70 अंशांना वितळणारं सोल्डर. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम यांचं हे मिश्रण चहाच्या आधणातसुद्धा पाघळतं. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरला 183 अंश लागतात. गंमत पुढे आहे. डबा वाकडा जोडला गेला? उकळत्या पाण्यात बुडवा. सोल्डर वितळतं, भाग शाबूत राहतात आणि कोडं पुन्हा पहिल्यापासून सुरू. भांडं मात्र त्याच कामाला कायमचं वेगळं ठेवा. शिसं आणि कॅडमियम दोन्ही विषारी. काम झाल्यावर हात धुवा, खोली हवेशीर ठेवा, घासलेला चुरा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

फेव्हिक्विकला अकोल्याचा उन्हाळा मानवत नाही

झटपट चिकटणारा हा गोंद वाळत नाही. हवेतली ओल मिळाली की तो घट्ट होतो. म्हणजे मे महिन्यात, कोरड्याठाक दुपारी, सगळं झटकन सुकतं तेव्हा हा गडी उलट रेंगाळतो. इलाज फुकटचा आहे : सांध्यावर तोंडाची वाफ सोडा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. गोंद लगेच धरतो, पण त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. दोन नळ्यांतून मिसळायच्या अ‍ॅराल्डाइटला ओलीशी देणंघेणं नाही, त्याला ऊब हवी. वऱ्हाडात ती कमी नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच तो आटोपतो.

मे महिन्यात फवारा मारू नका

पारा 45 च्या आसपास गेला की स्प्रेचा रंग डब्यापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच सुकतो. डब्यावर पडते ती कोरडी भुकटी, आणि सपाट बाजू सँडपेपरसारखी खरखरीत होते. उपाय सकाळी सहाचा. नाहीतर थिनर थोडा जास्त आणि फवारा थोडा जवळून. रंगाआधी साबणाने धुणं चुकवू नका : साच्याला लावलेली पूड आणि बोटांचं तेल धातूवर राहिलं की प्रायमर पापुद्र्याने निघून येतो.

रंगाचा थर चार मिलिमीटर!

रंगाचा एक बरा थर साधारण 50 मायक्रॉनचा, मिलिमीटरचा विसावा भाग. 87 ने गुणा : खऱ्या डब्यावर साडेचार मिलिमीटरला जरा कमी. तीन हात मारले तर सव्वा सेंटिमीटर जाडीचा लेप! खऱ्या रिव्हेटचं 20 मिलिमीटरचं डोकं मॉडेलवर पाव मिलिमीटरही भरत नाही, ते या लेपाखाली गडप होतं. म्हणून जुना नियम : रंग पातळ, थर कमी, धीर भरपूर.

डबा नवा दिसला की फसला

खरा मालडबा रेड ऑक्साइडच्या तपकिरी लाल रंगाचा. पण तसा चकचकीत तो कारखान्यातून निघाल्यावर जेमतेम काही दिवस असतो. बडनेऱ्यात आता मालडबे दुरुस्तीचा कारखाना आहे. डबा तिथून निघतानाचा आणि वर्षभराने पारसच्या वीज केंद्राला कोळसा टाकून परततानाचा, हे दोन फोटो शेजारी ठेवा. मॉडेलवाल्यांना दुसरा हवा असतो. आधी मूळ रंग, मग काळपट तपकिरी रंगाचं पाणी कोपऱ्यांत मुरवायचं, चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा गंज, आणि खालून वर विरत जाणारी धूळ. ही धूळ कोणती, ते गावावर ठरतं. वऱ्हाडात ती काळ्या रेगडीची, राखाडी झाक असलेली. कोकणातली लाल धूळ फासली की जाणकार लगेच हसतो. खडूची किंवा पेस्टलची पूड करून मऊ ब्रशने लावायची आणि वरून मॅट व्हार्निश.

अकरा आकड्यांचं आधार कार्ड

डब्यावरचा नंबर मनाने टाकू नका. भारतीय मालडब्याचा क्रमांक 11 अंकी असतो : पहिले दोन डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, मग दोन बांधणीचं वर्ष, चार अनुक्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा अंक आधीच्या दहांवरून निघतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर संगणक पकडतो आणि मॉडेलवाल्यांच्या बैठकीत एखादा काकाही पकडतो. बॉक्सएन ही अक्षरंही अशीच बोलकी : बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडा, एक्स म्हणजे उंच बाजूंचा, एन म्हणजे हवेचा ब्रेक.

सावकाश, शकुंतला आहे

शकुंतलेचा वेग ताशी 20 किलोमीटर धरा. 1:87 मध्ये ती सेकंदाला 6.4 सेंटिमीटर सरकेल. दोन मीटरचं टेबल ओलांडायला अर्धं मिनिट. पोरं बटण पिळून गाडी सेकंदाला एक मीटर पळवतात, ती तिच्या हिशेबाने ताशी 313 किलोमीटर होते. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेल्या आणि 1994 पर्यंत हा मार्ग ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला एवढ्या कल्पनेनेच धाप लागली असती.

बार्शीचा साहेब आणि हवाई छत्री

शकुंतलेच्याच अडीच फुटी मापाची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आसावरचा भार पाच टनांवर जाऊ द्यायचा नाही, हे सूत्र धरून त्याने दाबून घडवलेल्या पोलादाचे हलके मालडबे बनवून घेतले. हाच अनुभव घेऊन त्याने इंग्लंडमध्ये 1904 ची लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती 1934 मध्ये बंद पडली, पण विलायती मॉडेलवाल्यांची आजही लाडकी आहे. तिची प्रतिकृती करताना ते नकळत बार्शीचंच मॉडेल करत असतात. या कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट बनवलं.

मेळघाटातला गोल जिना

मॉडेलवाले एका मजल्यावरून दुसऱ्यावर गाडी न्यायला रुळाचा गोल जिना बांधतात. 60 सेंटिमीटर त्रिज्येचा एक फेरा 377 सेंटिमीटरचा. त्यात 10 सेंटिमीटर चढायचं तर चढ 38 ला 1. पाहुणे म्हणतात, खरी रेल्वे अशी कुठे असते? त्यांना धुळघाट सांगा. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाटात चढताना एक पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच रुळावरून पलीकडे जायची. नवा ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून आखला आहे, त्यामुळे तो वळसा आता टेबलावरच घ्यायचा.

कापसासाठी फाटा

मुंबई-नागपूर मुख्य मार्ग खामगाव आणि अमरावती या कापसाच्या दोन्ही पेठांना बगल देऊन गेला. मग सरकारने फाटे टाकले : जलंब-खामगाव 1870 मध्ये, बडनेरा-अमरावती 1871 मध्ये. मॉडेलवाल्याला असा फाटा म्हणजे वरदान. एका टोकाला जंक्शन, दुसऱ्या टोकाला शेवटचं स्टेशन, मध्ये थोडासाच रूळ. खामगावचा अख्खा 13 किलोमीटरचा फाटा 1:87 मध्ये दीडशे मीटरमध्ये संपतो.

खरा कापूस चालत नाही

उघड्या डब्यात थोडी खरी रुई ठेवली की झालं, असं वाटतं ना? रुईचा तंतू साधारण 15 ते 20 मायक्रॉन जाड. 87 ने गुणलं की दीड मिलिमीटरची दोरी. लांबी 28 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. एवढ्या जाड, एवढ्या लांब दोऱ्यांचा गुंता कोणत्याही जिनिंगमध्ये कोणी पाहिलेला नाही. त्यापेक्षा 12 मिलिमीटर लांबीचे लाकडी ठोकळे घ्या, टिश्यू पेपर गुंडाळा, बारीक तारेचे पट्टे आवळा. कापसाच्या मुलखात कापसाखेरीज गाठी, इलाज नाही.

पाहायला कुठे जाल?

नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय 14 डिसेंबर 2002 ला उघडलं. तिथे खऱ्या डब्याला टेप लावून माप घेता येतं आणि दोन बफरऐवजी मधोमध एकच बफर कसा बसतो तेही दिसतं. छोट्या गाड्या धावताना पाहायच्या तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 पासूनचं, सिग्नलसुद्धा चालतात.

शोकेसमध्ये ठेवण्याआधी

शिसं असलेला धातू बंद पेटीत आम्लाच्या वाफेत राहिला की पांढरी भुकटी होऊन झडायला लागतो. ओकसारखी काही लाकडं अशी वाफ सोडतात. काचा बसवताना व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉनही सोडतं. म्हणून नवी शोकेस आधी काही आठवडे उघडी ठेवा, पेटीला वारा राहू द्या आणि डब्याच्या आतल्या बाजूलाही रंगाचा एक हात मारा.

आणि शेवटचा हिशेब, घरच्यांसाठी

पहिला डबा चार चाकांचा, उघडा घ्या; भाग कमी, चूक झाली तर आधण आहेच. पण सावध असा, हा नाद एका डब्यावर थांबत नाही. पारसला कोळसा आणणाऱ्या बॉक्सएनच्या मालगाडीत 58 डबे धरले, तर 1:87 मध्ये ती सात मीटर लांब आणि भरली की सात किलो जड. वर इंजिन, वर गार्डचा डबा. बैठकीची भिंत पाडायची की डबे कमी करायचे, हे पहिली कानस विकत घेण्याआधीच घरात ठरवून टाका.